तिकडले लोक त्याले ओळखतात का?

दिवाळीला ताई मुलाला घेऊन बंगळुरूहून बोरगावला येते. पहिले दोन दिवस फटाके, चिवडा, करंज्या यांत जातात. तिसऱ्या दिवशी भाचा मोबाईल उंच धरून घरभर फिरू लागतो, कारण आमच्याकडे नेटवर्क येते ते गच्चीच्या एका कोपऱ्यात, तेही त्याची मर्जी असेल तर. २०२५ च्या दिवाळीत त्याची ही प्रदक्षिणा मला बघवेना. मी जुना लॅपटॉप काढला आणि त्याला 'क्रोनो ट्रिगर' लावून दिला. नेट लागत नाही, जागा फार खात नाही. १९९५ मध्ये जपानच्या स्क्वेअर कंपनीने काढलेला हा गेम, म्हणजे त्याची आई शाळेत होती तेव्हाचा.

"मामा, हा तर म्हाताऱ्यांचा गेम आहे," तो म्हणाला. पण दुसरे काही नव्हते, म्हणून बसला.

गेम सुरू होतो जत्रेत. सन १००० चालू आहे, मोठा मेळा भरलाय. नायकाच्या मैत्रिणीने एक यंत्र बनवले आहे, माणसाला एका चौथऱ्यावरून शेजारच्या चौथऱ्यावर पोहोचवणारे. जत्रेत नुकतीच ओळख झालेली एक मुलगी हौसेने त्यावर उभी राहते, तिच्या गळ्यातले लॉकेट चमकू लागते, हवेत निळे भोक पडते आणि ती त्यात गडप होते. नायक मागोमाग उडी घेतो आणि पोहोचतो सन ६०० मध्ये.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बाजूच्या खाटेवर बसून हे बघत होते. वय त्र्याऐंशी. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना कोणताही पडदा बघायला आवडतो.

"हे काय होय, बाबू?"

"पोर्टल आहे आबाजी. यातून चारशे वर्षं मागे जाता येतं."

"तिकीट किती?"

"फ्री."

"मंग चांगलं हाय." थोडा वेळ त्यांनी बघितले. मग म्हणाले, "पन मले एक सांग. तिकडले लोक त्याले ओळखतात का? आन वापस आल्यावर इकडले?"

भाच्याने माझ्याकडे बघितले. मी बारा वर्षे सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो आहे. गेम बनवत नाही, पण खेळतो भरपूर आणि ते आतून कसे चालतात हे बघण्याची खोड जुनी आहे. काळात मागे-पुढे नेणारा कुठलाही गेम चांगला की नुसता चमकदार, हे ओळखायची माझ्या मते एकच कसोटी आहे, आणि ती खाटेवर बसलेल्या माणसाने दोन वाक्यांत सांगून टाकली होती.

'क्रोनो ट्रिगर'पुरते उत्तर असे. सन ६०० मधले लोक त्या मुलीला ओळखतात, पण चुकीचे. ती त्यांना आपली हरवलेली राणीच वाटते, कारण राणी तिची पूर्वज आहे आणि चेहरा जुळतो. राणी सापडली म्हणून खऱ्या राणीचा शोध थांबतो. शोध थांबला म्हणजे खरी राणी मरणार, आणि ती मेली तर ही मुलगी जन्मालाच कशी येणार? त्यामुळे ती नायकाच्या डोळ्यांदेखत विरून जाते. आबाजींना हे लगेच पटले. "बरोबर हाय. मूळच गेलं तं फांदी कुठून येईन?"

आता पोर्टल प्रत्यक्षात काय असते ते सांगतो. निळे भोक, गरगर, आवाज ही सगळी सजावट आहे. तुम्ही भोकात पाऊल टाकले की गेम तुमच्या पायाखालचा नकाशा काढून घेतो आणि दुसरा सरकवतो. गरगर दाखवायची ती बरेचदा तेवढा वेळ मिळावा म्हणूनच, लग्नात दोन पंगतींच्या मध्ये पत्रावळी बदलताना सनईवाल्याला वाजवायला सांगतात तसे.

कधी तेवढाही वेळ नसतो. २०१६ मध्ये आलेल्या 'टायटनफॉल २' या गेमच्या एका भागात मनगटावर यंत्र असते. बटण दाबले की एका क्षणात पडीक, जळालेली इमारत जाते आणि तीच इमारत जुन्या काळी होती तशी, दिवे लागलेली, माणसांनी भरलेली दिसते. पुन्हा दाबले की पुन्हा पडीक. खेळणारा हवेत उडी मारून मधेच काळ बदलतो, कारण आजच्या काळात तिथे आगीचा लोळ आहे आणि जुन्या काळात मोकळा रस्ता. हे करताना नकाशा अदलाबदल करायला वेळ कुठला? म्हणून त्यांनी दोन्ही इमारती एकाच वेळी बांधून ठेवल्या, एकीच्या वर दुसरी. बटण दाबले की खेळणारा फक्त वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर, त्याच जागी, फेकला जातो. काळात प्रवास वगैरे काही नाही, आपल्या घरांत असतो तसा माळा आहे.

मी हे समजावल्यावर आबाजी वर आमच्या माळ्याकडे बघत म्हणाले, "मंग आपल्याही माळ्यावर जुनं बोरगावच हाय. फावडे, टिकास, तुह्या आजीचा चूल फुकाचा फुंकना."

पण मजले बांधणे हा सोपा भाग. अवघड भाग आबाजींचा प्रश्न: कोणाला काय आठवते? प्रोग्राम लिहिणारा यासाठी खुणा ठेवतो. अमुक घडले की नाही, हो किंवा नाही. 'क्रोनो ट्रिगर'च्या त्या पहिल्या जत्रेत एका बाकड्याजवळ कोणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला असतो. लहान मुले हटकून तो खातात. भाच्यानेही खाल्ला. काही होत नाही, कोणी ओरडत नाही. दोन-तीन तासांच्या खेळानंतर नायकावर कोर्टात खटला चालतो, आणि तिथे तो डबेवाला म्हातारा साक्षीला उभा राहतो! भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मामा, त्याला अजून लक्षात आहे!" माझ्या मते या गेमचे खरे पोर्टल त्या क्षणी उघडते. निळे भोक फार गेममध्ये असते. केलेले लक्षात ठेवणारा गेम विरळा.

वेळेशी खेळायची दुसरी रीतही आहे, पोर्टल न उघडता मागे यायची, आणि तिचा आपल्या पुण्याशी संबंध आहे म्हणून थोडे विषयांतर करतो.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हे नाव आमच्या पिढीला ठाऊक आहे. सौंसरला कॉम्प्युटर क्लासला जायचो तेव्हा टायपिंगचा सराव बाजूला ठेवून आम्ही तोच खेळायचो. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये काढला. राजपुत्राच्या पळण्या-उड्या मारण्यासाठी त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचे चित्रीकरण केले होते. त्या गेममध्ये वेळ तुमच्या विरुद्ध असायची: एका तासात राजकन्येला सोडवा नाहीतर संपले. २००३ मध्ये माँट्रियलला युबीसॉफ्ट कंपनीने 'सँड्स ऑफ टाइम' काढला आणि वेळ राजपुत्राच्या हाती दिली. त्याच्या खंजिरात जादूची वाळू आहे. उडी चुकली, दरीत पडला, की बटण दाबून धरा, तो उलटा वर येतो. आतून हे अगदी साधे आहे: गेम गेल्या काही सेकंदांतली प्रत्येक गोष्टीची जागा लिहून ठेवत असतो, बटण दाबले की ती वही उलटी वाचतो. वही लहान असते, म्हणून फार मागे जाता येत नाही.

त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी. सगळी कथा राजपुत्र कोणाला तरी सांगतो आहे. तुम्ही मेलात की त्याचा आवाज येतो, छे, असे नव्हते झाले, थांबा, नीट सांगतो. म्हणजे तुमचे मरण ही सांगणाऱ्याची चूक! आणि शेवटी (वीस वर्षांहून जुना गेम आहे, शेवट सांगितल्याबद्दल रागावू नका) तो सारा काळ उलटा फिरवून सर्व अनर्थ पुसतो, पण त्यात जिच्याबरोबर हे सगळे भोगले ती राजकन्या फराह त्याला ओळखतच नाही. तिच्यासाठी काहीच घडलेले नाही. आठवते ते फक्त त्याला. हा भाग मी आबाजींना सांगितला तेव्हा ते नुसते "अरे राम" म्हणाले.

या गेमची नवी आवृत्ती करण्याचे काम युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे आले होते. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, जानेवारी २०२१ ला येणार म्हणून. आमच्या जुन्या हॉस्टेलच्या ग्रुपवर त्या दिवशी दिवाळी होती. लहानपणी खेळलेला राजपुत्र आता पुण्यात घडतोय! पण पहिली झलक बघून जगभरच्या खेळाडूंनी चित्रांना नावे ठेवली, तारीख पुढे गेली, मग पुन्हा गेली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला परत नेले गेले. जानेवारी २०२६ मध्ये तर कंपनीने तो प्रकल्पच रद्द केल्याचे जाहीर केले. आत काय घडले याबद्दल बाहेरून बोलण्यात अर्थ नाही. मला एवढेच वाटले की वेळ मागे फिरवणाऱ्या गेमवर ज्यांनी रात्री जागवल्या, त्यांच्या हातात मात्र तो खंजीर नव्हता. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात असा एखादा रद्द झालेला प्रकल्प असतो. माझ्याही आहेत, दोन.

असो. मला स्वतःला वाळूपेक्षा पोर्टल आवडते. वाळूने चूक पुसता येते, पण पोर्टलमधून गेल्यावर काहीतरी लावता येते. 'झेल्डा' मालिकेतल्या १९९८ च्या 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये नायक लहान असताना मऊ मातीत एक बी लावतो. मग देवळातली तलवार उपसून सात वर्षे पुढे जातो, तर त्या बीचे असे झाड झालेले असते की पानावर उभे राहून उंचावर पोहोचता येते. त्याच गेममध्ये पवनचक्कीत एक चिडका वाजंत्रीवाला आहे. मोठेपणी भेटल्यावर तो नायकाला एक चाल शिकवतो आणि सांगतो, सात वर्षांपूर्वी एक पोर येऊन ही वाजवून गेले आणि चक्कीचा सत्यानाश केला. मग नायक मागे जातो आणि लहानपणी त्याच्यासमोर तीच चाल वाजवतो. आता ती चाल रचली कोणी? त्याने याच्याकडून घेतली, याने त्याच्याकडून. कोणीच रचली नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांबद्दल मी लहानपणी हेच विचारायचो. ती म्हणायची, "माह्या मायनं सांगतली." आणि तिला? "तिच्या मायनं."

'क्रोनो ट्रिगर'मध्ये हा लावण्याचा प्रकार फार पुढे जातो. सन ६०० मध्ये एक बाई वाळवंटात जंगल उभे करायची स्वप्ने बघते आहे. एका आयुष्यात ते होणार नाही. नायकाच्या टोळीतला यंत्रमानव, रोबो, म्हणतो मी थांबतो. टोळी पोर्टलमधून सन १००० मध्ये येते. खेळणाऱ्याला मिनिटभर लागते. रोबोला चारशे वर्षे. तिथे हिरवे जंगल उभे असते, आणि एका देवळात गंजलेला, बंद पडलेला रोबो ठेवलेला असतो. मैत्रीण त्याला दुरुस्त करते, रात्री सगळे शेकोटीभोवती बसतात.

तो भाग चालू असताना आबाजी झोपले असतील असे मला वाटले होते. नव्हते झोपले. "म्हणजे त्यानं पोर्टल नाही घेतलं," ते म्हणाले. "तो पायदळ आला."

दुसऱ्या दिवशी भाच्याने फर्मान काढले की आपण असा गेम बनवायचा. माझ्या लॅपटॉपवर गोडॉट हे गेम बनवायचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर होतेच. दोन नकाशे: आजचे बोरगाव आणि जुने बोरगाव. मध्ये पोर्टल.

आमचे बोरगाव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी: नागपूरहून सावनेरमार्गे छिंदवाड्याकडे निघालात की मध्य प्रदेशात शिरल्यावर सौंसरच्या अलीकडे आम्ही लागतो. आजूबाजूला कापूस आणि संत्र्याच्या बागा. १९९१ मध्ये इथे रेमंडचा कापड कारखाना आला, औद्योगिक क्षेत्र वाढले, आणि तेव्हापासून गावाचे नाव ट्रकवाल्यांना तोंडपाठ झाले. घरात आमची मराठी, शाळेत हिंदी, आणि दोन्हींत एकमेकींचे शब्द.

आजचा नकाशा मी तासाभरात केला. उपग्रहाचे चित्र समोर ठेवायचे आणि चौकोन काढत जायचे. जुन्याला हात घातला आणि लक्षात आले की माझ्याकडे काहीच नाही. ना चित्र, ना नकाशा, घरात एक लग्नाचा फोटो, त्यात मागे नुसती कुडाची भिंत. त्या नकाशाचा सगळा डेटा खाटेवर बसला होता.

"कोणतं वर्ष टाकू आबाजी?" भाच्याने विचारले. पोर्टलवर वर्ष लिहायला हवे ना.

"टाक एकोनीसशे छप्पन."

हेच का ते मला माहीत होते, भाच्याला नव्हते. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. आबाजी चौदा वर्षांचे होते. दोन तासांवरचे नागपूर एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेले आणि आमची राजधानी झाली भोपाळ, जे घरातल्या कोणी पाहिलेले नव्हते. "मास्तरानं फळ्यावर लिहिलेलं नागपूर पुसलं आन भोपाळ लिहिलं," आबाजी सांगतात. "आमी तिथंच बसून होतो." (२०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली, तेव्हाही आम्ही तिथेच बसून होतो. आधार कार्डावर मात्र अजून छिंदवाडा.)

पोर्टल कसे दाखवायचे यावर पहिला वाद झाला. भाच्याला निळे, गरगरणारे हवे होते. आबाजी म्हणाले, "गोल काहून? गाडीत बसवून दे न त्याले." म्हणजे छोटी लाईन, नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज, जी २०१५ च्या अखेरीस मोठी लाईन करायला बंद झाली. लोधीखेड्याला जाऊन ती पकडायची. चढावर इतकी हळू व्हायची की पोरे उतरून, बोरे तोडून पुन्हा चढायची. भाच्याने ती कधी पाहिलीच नाही, तरी कल्पना त्याला पटली. आमच्या गेममध्ये आता लोधीखेड्याच्या फलाटावर गाडीत बसले की धूर होतो आणि धूर विरला की १९५६. धुराच्या मागे मी नकाशा बदलतो.

मग दुकान. भाच्याने वाणी उभा केला, गूळ, राकेल, काडेपेटी ठेवली, आणि सुटे पैसे परत देण्याचा हिशेब लिहिला. आबाजींनी तो चालवून बघितला आणि पहिली खरी चूक पकडली. "रुपयाचे शंभर पैसे? तवा कुठले?" तेव्हा रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. शंभर नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ पासून. भाच्याने सगळा हिशेब नव्याने लिहिला, आणि खरे सांगू, सोळा आणि चौसष्ट हे आकडे संगणकाला शंभरापेक्षा जवळचे आहेत. आबाजींचा रुपया माझ्या कामात जास्त शोभला असता.

लावायचे काय, यावर दुसरी चूक निघाली. मी ठरवले होते की १९५६ मध्ये संत्र्याचे रोप लावायचे आणि आजच्या नकाशात त्याची फळे तोडायची. 'झेल्डा'तल्या बीसारखे. आबाजी हसायलाच लागले. "संत्र्याचं झाड सत्तर वर्षं कुठी जगते? चार-पाच वर्षांनं धरते, वीस-पंचवीस वर्षांत थकते ते. चिंच लाव." बागायतदाराच्या घरचा इंजिनिअर आणि एवढे कळू नये! चिंच लावली.

चिंच खरीच होती गल्लीच्या तोंडाशी. मी लहान असताना रस्ता रुंद करताना गेली. तिथे आता पानठेला आहे आणि आजच्या नकाशात मी पानठेलाच काढला होता. भाच्याने विचारले, "मी मागे जाऊन लावली तर इथे यायला पाहिजे ना?" मी म्हटले, पण खरी तर तोडली. तो म्हणाला, "मग मी परत मागे जातो आणि रस्ता थोडा बाजूने काढायला सांगतो." आणि त्याने खरेच तशी खूण घातली: १९५६ मधल्या पाटलाशी बोलून त्याला पटवले, तर आज चिंच उभी. पानठेला तिच्या सावलीत सरकवला आहे. आबाजींनी ते बघितले तेव्हा काहीच बोलले नाहीत. नंतर विचारले, "ठेलेवाल्याचं नुसकान तं नाही झालं न?"

विहिरीवर मात्र घर पेटले. आबाजींच्या मते गल्लीतून आत जाताना उजव्या हाताला. त्यांची धाकटी बहीण, आमची सावनेरची आजी, फोनवर म्हणाली डाव्या हाताला, "दादाले काय समजते, पानी तं आमी आनत होतो." दोघांनी एकमेकांना बराच वेळ ऐकवले. विहीर बुजलेली, वर घर, तपासायला काही नाही. मी वैतागलो. माझ्या कामात एखाद्या गोष्टीच्या दोन किमती असल्या तर एक चूक असते. भाच्याने माझ्या डोक्यात कधी आले नसते ते केले. जुन्या नकाशात चौदा वर्षांचे आबाजी आणि नऊ वर्षांची आजी दोघे फिरतात. आबाजींना विहीर कुठे विचारले तर ती उजवीकडे असते. आजीला विचारले तर डावीकडे.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा मला त्या रात्री आठवली. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकात ती 'द ॲडव्हेंचर' नावाने आहे, त्यामुळे आपल्यापैकी अनेक मुलांनी वाचलेली असेल. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली, की कानाजवळून निघून गेली? एवढ्या एका 'हो किंवा नाही'वर दोन वेगळे हिंदुस्थान उभे राहतात, आणि इतिहासाचा प्राध्यापक चुकून दुसऱ्यात जाऊन येतो. परत आल्यावर त्याच्या खिशात तिकडच्या बखरीचे फाटके पान असते. नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. त्यांच्या गंगाधरपंतांना जी शंका, तीच आबाजींची: परत आल्यावर कोण मानेल? पान नसते तर कोणी मानले नसते.

सुट्टी संपली, ताई आणि भाचा बंगळुरूला गेले. मला वाटले होते गेम तिथेच थांबेल. पण भाचा दर रविवारी सकाळी फोन करतो. मी गावात असलो की मी, नाहीतर बाबा, गच्चीच्या त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून आबाजींना बसवतात. प्रश्न तयार असतात. पोळ्याला बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावायचे? पांढुर्ण्याची गोटमार बघायला कसे जायचे? शाळेतून पळून गेल्यावर लपायची जागा कोणती? आबाजी आमच्या बोलीत सांगतात, भाचा तसेच्या तसे टाईप करतो. त्याला 'काहून'ची वेलांटी-उकार विचारावा लागतो, पण अर्थ विचारावा लागत नाही. बंगळुरूच्या शाळेत त्याला मराठी विषय नाही. जुन्या बोरगावातला एकही माणूस मात्र इंग्रजी बोलत नाही.

आबाजींचे विसरणे हल्ली वाढले आहे. सकाळचा चहा झाला की नाही हे ते दोनदा विचारतात, कधी मला बाबांच्या नावाने हाक मारतात. छप्पन साल अजून स्वच्छ आहे, तरी त्यातही आता एकच गोष्ट दोन रविवारी दोन तऱ्हांनी येते. छे, तसं नोहतं, आयक, असे म्हणून ते पुन्हा सुरू करतात, अगदी त्या राजपुत्रासारखे. भाचा दोन्ही लिहून घेतो आणि दोन्हीपुढे तारीख टाकतो.

मार्चमधल्या एका रविवारी फोन लागला, चित्र आले, आणि आबाजींनी पडद्याकडे बराच वेळ बघून विचारले, "तू कोनाचा, बाबू?"

मी फोन घ्यायला पुढे झालो. त्याआधी भाचाच म्हणाला, "मी गेमवाला, आबाजी. मागच्या वेळी आपण लोधीखेड्याच्या स्टेशनवर होतो."

"हव," आबाजी म्हणाले. "मंग लिहून घे. स्टेशनाच्या मांगं एक हलवाई होता."

आमच्या यादीत अजून चौतीस कामे बाकी आहेत. हलवाई झाला. त्याची भट्टी कोणत्या बाजूला होती ते येत्या रविवारी विचारायचे आहे, आणि सावनेरच्या आजीलाही.